वर्गणीत नसलेलं घर

रंजनाबाई आणि तिच्यासोबतच्या तिघीजणी गल्लीच्या तोंडापासून घरोघर थांबत येत होत्या. रुपा ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. तिला सगळं दिसत होतं.

लोणखेड्याच्या शाळेतल्या पहिलीच्या अल्पना मॅडमची बदली झाली होती, धडगावकडच्या डोंगरातल्या कुठल्याशा पाड्यावर. शनिवारी शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता आणि पहिलीतल्या पोरांच्या आयांनी मिळून मॅडमला काहीतरी घ्यायचं ठरवलं होतं. कोणी साडी म्हणत होतं, कोणी भिंतीवरचं घड्याळ. ज्याला जमेल तेवढं द्यावं, कोणावर जबरदस्ती नाही, असं ठरलं होतं. तरी दोन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता.

चौघी शेजारच्या दाराशी थांबल्या. हसणं झालं, वहीत नाव लिहिणं झालं. मग त्या रुपाच्या ओट्यासमोर आल्या आणि चौघींचीही बोलणी एकदम बंद पडली. एकीने पदर सारखा केला. एकीने उगाच मागे वळून पाहिलं.

"कशी शे वं रुपा?" रंजनाबाईने चालता चालताच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ती पुढच्या दारी गेली.

रुपाने सुपातले खडे वेचून बाजूला ठेवले. बायांचं काही चुकलं नव्हतं. पहिलीच्या हजेरीपटावर तिच्या लेकीचं, काजलचं, नाव होतं तोवर हे घर पहिलीच्या पोरांच्या घरांपैकी एक होतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी काजल गेली, आणि नाव गेलं, त्याबरोबर घरही त्या मोजणीतून गेलं.

संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर तिने रंजनाबाईला गाठलंच.

"माय, मन्हाकडथून का बरं नही लिधी वर्गणी?"

रंजनाबाईच्या हातातला डबा तसाच राहिला. "तुले कोनता तोंडघाई मांगू, बहीण? तुन्ही पोर..." ती थांबली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "आनि तुन्हा नवरानी, दोधूनी, मॅडमले काय काय सांगं व्हतं, ते आख्खा गावले मालूम शे. तू तिले काही देशी, असं कोन्हा मनमाबी उनं नही."

रुपाने दळणाचे पैसे दिले. पीठ घेऊन ती घरी आली.

काजल घरात अखंड बोलणारी पोर होती. कोंबड्यांशी बोलायची, बापाच्या टेम्पोशी बोलायची, आजीच्या लुगड्याचं टोक धरून तिच्यामागे बोलत फिरायची. पण अंगणवाडीत तिने तीन वर्षांत तोंड उघडलं नाही, आणि पहिलीत गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात उघडलं ते पुन्हा मिटण्यासाठी. मॅडमनी डोळ्याच्या चित्राचं कार्ड दाखवून विचारलं, हे काय? काजल खणखणीत आवाजात म्हणाली, "डोया." वर्गात बाहेरून आलेल्या नोकरदारांची पोरं होती, घरी शाळेसारखंच बोलणारी. ती पोरं हसली. मधल्या सुट्टीभर दोघंजण तिच्याभोवती "डोया, डोया" करत नाचले. त्यानंतर जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला, काजल शाळेत एक अक्षर बोलली नाही.

मॅडमनी रुपाला बोलावून घेतलं. रुपाला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण मॅडमनी तिला आपल्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "घरी तुम्ही डोळ्याला काय म्हणता, ताई?"

"डोया," रुपा खाली मान घालून म्हणाली.

"आणि फळ्याला?"

"फया."

मॅडम हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. "मी खापर गावची. आमच्या घरी मारवाडी बोलतात. पहिलीत मी एकदा आमच्या बोलीत बोलले तर पोरांनी मला महिनाभर चिडवलं होतं. मला अजून त्या पोरांची नावं पाठ आहेत."

दुसऱ्या दिवशी मॅडम काजलपुढे जमिनीवर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, मला तुमची बोली येत नाही, नोकरीला लागून चार वर्षं झाली तरी कोणी शिकवली नाही, तू शिकवशील का? रोज एक शब्द. मला जमला नाही तर तू माझा कान धर. त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला. डावीकडे शाळेचा शब्द, उजवीकडे काजलचा. पहिले बारा दिवस काजल मॅडमच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजायची. मॅडम मुद्दाम चुकीचा उच्चार करायच्या. तेराव्या दिवशी काजलला राहवलं नाही. ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी ओरडली, "असं नही वं मॅडम! केळं नही, केय!" मॅडमनी लगेच आपला कान पुढे केला, आणि काजलने तो खरोखर धरला.

मग हसणारी पोरंही आपापल्या शेजाऱ्यांकडून शब्द गोळा करून आणायला लागली. पण कागदावर काय लिहायचं ते काजलला विचारूनच लिहायचं, असा मॅडमचा नियम होता. रोज सकाळी चुलीपाशी बसून काजल विचारायची, "माय, आज कोनता शबद लई जाऊ?" रुपा भाकर थापता थापता शोधायची. सकाय. जांभूय. तांदूय. आंडेर, म्हणजे लेक. असे सव्वीस शब्द झाले होते.

ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर माईकवर बोलायची पाळी काजलची होती. डोळा, कपाळ, गाल, हात, सगळं आपल्या बोलीत सांगायचं होतं. त्याच संध्याकाळी तिला सणकून ताप चढला. गल्लीतल्या डॉक्टरचं औषध दोन दिवस चाललं. बुधवारी रात्री नंदुरबारला दवाखान्यात नेलं, डेंग्यू निघाला. शुक्रवारी दुपारी ती गेली. एक-दोन दिवस आधी आणलं असतं तर, असं तिथल्या डॉक्टरांच्या तोंडून निघालं, आणि दोधूने ते धरून ठेवलं. एक दिवस आधी म्हणजे कोणता दिवस, हे तो बोटांवर मोजत राहिला. मोजत मोजत तो सोमवारी येऊन थांबला.

तेरावं झालं, दिवाळीची सुट्टी संपली, तेव्हा रुपा आणि दोधू शाळेत गेले, काजलचं वर्गात राहिलेलं दप्तर आणायला. व्हरांड्यात मॅडम होत्या, हेडमास्तर होते, आपापल्या वर्गांच्या दारांत पोरं गोळा झाली होती. दोधू एरवी कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

"मन्ही पोर दिवसभर तुम्हना म्होरे बठेल व्हती! तिले ताप व्हता! तुम्हले तिना कपायले हात लावता उना नही?"

मॅडमनी हात जोडले. "चुकलं माझं, दादा," एवढंच त्या म्हणाल्या. दोन वेळा म्हणाल्या.

रुपा दप्तर छातीशी धरून उभी होती. तिच्या घशाशी एक वाक्य आलेलं होतं. ते तिने गिळलं आणि दोधूच्या मागोमाग ती घरी आली. तेव्हापासून गावात ही गोष्ट अशीच सांगितली जाते, की मॅडमचं लक्ष नव्हतं म्हणून पोर गेली.

ते वाक्य सहा महिने रुपाच्या आत होतं. त्या सोमवारी सकाळीच काजलचं अंग गरम होतं. रुपाने गाल लावून पाहिलं होतं. तिने तापाची अर्धी गोळी साखरेतून दिली, घंटाभरात पोरीला घाम आला, कपाळ गार पडलं, आणि मग वेणी घालून तिने तिला शाळेत पाठवलं. मॅडमनी कपाळाला हात लावला असता, तरी त्यांना काय कळणार होतं?

वर्गणी मागायला आलेल्या बाया पुढे निघून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी रुपा शहाद्याला गेली. लोणखेड्याहून शहादा चालत जाण्याएवढं. उमेदमलच्या भांड्यांच्या दुकानात तिने विचारलं, शाळेच्या मॅडमला द्यायला कमीत कमी किमतीचं काय मिळेल? म्हातारे उमेदमलशेठ स्वतः उठले. त्यांनी स्टीलची छोटी डबी काढली, एक तांब्या काढला, फुलाफुलांचा पेला काढला.

"हा पेला घ्या, बाई. नाव फुकट टाकून देतो." त्यांनी नाव कोरायचं यंत्र हातात घेतलं, त्याची सुई घर्रर्र वाजवून पाहिली. "देणाऱ्याचं नाव काय घालू? लेकराचंच घालतात बहुतेक लोक."

रुपाने पेला हातात घेतला. त्याच्या पोटावर तिला ती तीन अक्षरं दिसली, बारीक ठिपक्यांची. कोणी घासेल, कोणी पाणी पिईल, आणि ती अक्षरं रोज कोणाच्या तरी बोटाखाली येतील.

"मंग येसु," ती म्हणाली आणि बाहेर पडली. शेठनी मागून काही विचारलं, ते तिने ऐकलं नाही.

घरी बिबड्यांची तयारी चालली होती. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, जाडसर पापडच ते, वर्षाचे घालून ठेवायचे हे दरसालचं काम. सासू शोभाबाईने पहाटेच चुलीवर घाटा शिजायला ठेवला होता. मागच्या वर्षी काजल वाटी घेऊन पातेल्याशी बसली होती, गरम घाट्यात तेल घालून खायला. या वर्षी दोघींनी त्या पातेल्याशेजारच्या जागेकडे न बघता काम केलं. अंगणात खाटेवर ओलं धोतर पसरून त्यावर एकेक बिबडं थापत गेल्या, तीळ पेरत गेल्या. दुपारपर्यंत ऊन असं तापलं की कडेचे बिबडे आपोआप सुटायला लागले.

वाळलेल्यांतले चांगले गोल, न तडकलेले बिबडे रुपा वेगळे काढायला लागली.

"कोनले वं इतला?" शोभाबाईने विचारलं.

"मॅडमले."

म्हातारीचा हात थांबला. तिने सुनेकडे पाहिलं. मग आपल्या ढिगातले दोन मोठे बिबडे उचलून तिने रुपाच्या ढिगावर ठेवले. "दोधूले सांगू नको," ती म्हणाली.

शुक्रवारी रुपा शाळेत गेली. एप्रिलची सकाळची शाळा अकराला सुटली होती. मॅडम वर्गात एकट्याच होत्या, भिंतीवरची चित्रं काढून गुंडाळत होत्या. रुपाला दारात बघून त्यांच्या हातातली गुंडाळी सुटली आणि कागद जमिनीवर उलगडत गेला.

"या ना, रुपाताई."

रुपा आत आली. काजलचा कागद अजून भिंतीवरच होता. सव्वीस ओळी, आणि खाली सगळा कोरा.

"ते मी काढणार नव्हते," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे, कसं काढायचं ते कळत नव्हतं. त्यानंतर मी कोणाला शब्द विचारलाच नाही. पोरं विचारायची, मॅडम, आज शब्द? मी म्हणायची, उद्या."

रुपाने पिशवी पुढे केली. "बिबडे आणलेत. घरचे. दुसरं काही आणायला..." शाळेच्या भाषेत बोलताना तिचे शब्द अडखळत होते. "तुम्ही तिला बोलकं केलं. त्यासाठी."

मॅडमनी पिशवी उघडली. कच्च्याच बिबड्याचा एक तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला आणि चावता चावता त्यांचे डोळे भरून आले. त्या पोरांच्या बाकावर बसल्या.

"तुम्ही आलात हेच खूप झालं. मला वाटलं होतं तुम्ही माझं तोंड बघणार नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी रोज तो सोमवार आठवते. ती परिपाठाला इतकं छान बोलली. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. मग वर्गात ती गप्प बसली, मला वाटलं दमली. मी एकदा, एकदा जरी कपाळाला हात लावला असता. मी बदली स्वतःच मागितली, ताई. डिसेंबरातच अर्ज केला. या वर्गात उभं राहवत नाही मला."

आता सांग, असं रुपाने स्वतःला म्हटलं. वर्गात दोघीच होत्या. बाहेर कडुनिंबात पाखरं बोलत होती, तेवढंच. पण तिची जीभ उचललीच नाही.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "जाऊ द्या, मॅडम."

आणि ती निघून आली. वाटेत तिला स्वतःची इतकी किळस आली की विहिरीपाशी थांबून तिने तोंडावर पाणी मारून घेतलं. जिने पोरीला बोलायला शिकवलं, ती बाई आपल्या घराने घातलेला आळ घेऊन डोंगरात चालली होती, आणि आपण तिला बिबडे देऊन आलो.

शनिवारी सकाळी आठला कार्यक्रम होता. रुपाला बोलावणं नव्हतं. ती गेली आणि शेवटच्या रांगेत बसली. मंडपाच्या खुर्च्या दोधूच्याच टेम्पोतून आल्या होत्या. ते भाडं त्याने नाकारलं नव्हतं, पण शाळेच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. खुर्च्या फाटकापाशी उतरवून देऊन तो टेम्पोला टेकून उभा होता, कार्यक्रम संपायची वाट बघत.

हार झाले, पोरांचं गाणं झालं. आयांच्या वतीने रंजनाबाईने घड्याळ दिलं, चकचकीत कागदात बांधलेलं. मॅडम हसून सगळ्यांना हात जोडत होत्या. हेडमास्तर माईकवर म्हणाले, "पालकांपैकी कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर त्यांनी यावं."

कोणी उठेना. आयांमध्ये खुसखुस झाली, एकमेकींना कोपरं मारणं झालं. मग रुपा उठली. रांगांमधून पुढे जाताना तिला बायांची कुजबुज थांबलेली कळली. तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी काजलची आई," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज कर्ण्यातून मोठा होऊन आला तशी ती दचकली. "मॅडमनी माझ्या मुलीला... मला मॅडमचे आभार..."

शाळेची भाषा तिथेच संपली. तिने श्वास घेतला आणि फाटकाकडे पाहिलं. दोधू टेम्पोपासून सरळ झाला होता.

"त्या सोमवारे सकायलेच मन्ही पोरनं आंग गरम व्हतं," ती म्हणाली. "मॅडमले मालूम नव्हतं. मॅडमले मालूम पडनंच नसतं. मी तिले गोयी दिधी, आनि ताप उतरना, आनि मंग मीच तिले शायामा धाडं. ती म्हने, माय, मले माईकवर बोलनं शे. पन तेवढंच नव्हतं. वावरमा कापूस येचाले बाया येवान्या व्हत्यात, मले तठे जानं व्हतं. म्हनीसन धाडं. मॅडमना काही गुन्हा नही. आम्हना घरना मानूसनी आठे उभं ऱ्हाईसन मॅडमले बोल लाया, तव्हय मी जोडेच व्हती. मी बोलनी नही. सहा महिना मी बोलनी नही."

मंडपात लहान पोरं तेवढी हलत होती.

"मन्हाजोडे मॅडमले देवाले दुसरं काहीच नही," रुपा म्हणाली. तिने माईक ठेवला. तो आडवा पडला आणि कर्णा किंचाळला.

अल्पना मॅडम उभ्या राहिल्या होत्या. ती बोली त्यांना आता पूर्ण समजत होती, एकही शब्द कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. त्या रुपाजवळ आल्या. रुपाला वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील, नाहीतर हात धरतील. त्यांनी फक्त विचारलं, अगदी हळू, "डिसेंबरच्या आधी का नाही सांगितलंत, ताई?"

मॅडमनी उत्तराची वाट पाहिली नाही. चेहरा पदरात घेऊन त्या वर्गात गेल्या आणि हेडमास्तरांनी घाईघाईने चहा आणायला सांगितला.

दोधूने खुर्च्या भरल्या. रुपा त्याच्यासमोरून गेली तेव्हा तो खुर्च्यांवर दोरी ओढत होता. त्याने वर पाहिलं नाही.

ज्या गल्लीने सहा महिने मॅडमला नावं ठेवली होती, तिने आता रुपाला ठेवली. नळावर ती गेली की बाया कळश्या उचलायच्या. कापसापायी पोर घालवली, असं कोणीतरी म्हणालं, ते तिच्यापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणालं. रुपाने ऐकून घेतलं. घरात दोधू जेवायला येई, ताट ओढून घेई आणि जेवून शेतात झोपायला जाई. चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. रागावला असता, मारलंही असतं, तरी तिने ते घेतलं असतं. पण तो तिच्याकडे अशा नजरेने बघत होता, की जणू घरात कोणी अनोळखी बाई राहायला आली आहे आणि तिला काय हाक मारायची ते त्याला ठरवता येत नाही.

पाचव्या दिवशी शोभाबाई चुलीपाशी येऊन बसली. लाकडं आत सारता सारता ती म्हणाली, "त्या दिवसले मी बी देखेल व्हती."

"काय?"

"गोयीनं पाकिट. राखमा पडेल व्हतं. मी देखं आनि राखमाच लोटी दिधं." म्हातारीने सुनेकडे पाहिलं नाही. "मले वाटे, तू सांगशी. मंग वाटे, नको सांगो. घर ऱ्हाई जाई."

मग रुपाने भाकरीचं पीठ मळायला घेतलं, कारण दोधूची जेवायची वेळ होत आली होती.

महिन्याच्या शेवटी मॅडमचं सामान न्यायचं होतं. धडगावचा घाट आणि पुढे पाड्यापर्यंतचा रस्ता म्हटल्यावर शहाद्यातले दोन टेम्पोवाले नाही म्हणाले होते. हे दोधूला कुठून कळलं ते रुपाला माहीत नाही. एका सकाळी त्याने टेम्पो धुतला, मागचा हौदा दोन वेळा धुतला, आणि जाताना आईला सांगितलं, "मॅडमनं सामान पोचाडी येस. भाडं लेवानं नही." रुपा आतल्या दारात उभी होती. तिला सांगितलं नव्हतं, पण ऐकू जाईल असंच सांगितलं होतं.

दिवसभर ती कामं करत राहिली आणि कोणतंच काम पुरं झालं नाही. पाच वाजता टेम्पो अंगणात आला. चाकं लाल मातीने भरली होती. दोधू उतरून ओट्यावर बसला, तोंड धुवायला उठला नाही. रुपाने पाण्याचा तांब्या आणून त्याच्याजवळ ठेवला आणि दोन हात अंतरावर उभी राहिली.

मग तो बोलला. तिच्याशीच बोलला.

"उंच शे ती शाया. टेम्पो तठलोंग जात नही. कपाट पाठवर लई गयू." त्याने पाण्याचा एक घोट घेतला. "पोरे उनात देखाले. पावरी बोलतस. मॅडमले काहीच समजे ना. ती खाले बठनी आनि त्यासले इचारे, हाई काय, ती काय."

"घाटमा काही बोलन्यात?" रुपाने विचारलं.

"नही." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. दोरीने दोन ठिकाणी सोललं होतं. "सगयं सामान लाई झायं. मी म्हनं, आते माफी मांगी लेवो. तेन्हाकरताच गयथू मी. म्होरे जाईसन उभा ऱ्हायनू. तोंड उघडं..." त्याचा आवाज घोगरा झाला. "आनि तोंडमाथून निंघनं, मॅडम, पानीनं मडकं कठे ठेवू?"

त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. त्याची पाठ हलायला लागली. काजल गेली त्या दिवसापासून रुपाने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यातही तो कोरड्या डोळ्यांनी कागदांवर सह्या करत होता.

ती ओट्यावर त्याच्या शेजारी बसली. हात लावावा की नाही ते तिला कळेना, म्हणून तिने लावला नाही.

"मंग?" तिने विचारलं. "मडकं कठे ठेवं?"

"दारजोडे," दोधू म्हणाला. "ती म्हने, दादा, दारजोडे ठेवा. पोरेसले पेता येई."